थर्लो वीड: छापखान्यातून राज्य हाकणारा माणूस

कालवाकाठ

माझे वडील सांगलीकडच्या एका छापखान्यात खिळेजुळारी होते. त्यांचा डबा घेऊन गेले की खिळ्यांच्या खणांसमोर उभी राहून मी उलटी अक्षरं वाचत बसायचे. आता बरीच वर्षं न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला राहते. इथल्या वाचनालयात स्थानिक इतिहासाचं कपाट चाळताना एक नाव पुन्हा पुन्हा समोर यायला लागलं, थर्लो वीड. हाही खिळेजुळारी. पुढे तीसेक वर्षं या राज्यात गव्हर्नर कोण, सिनेटर कोण, ईरी कालव्याच्या दरवाजावर नोकरीला कोण, यात या माणसाचा शब्द चालायचा. स्वतः मात्र तो राज्याच्या विधिमंडळात दोनदा निवडून गेला तेवढाच. त्याची गादी होती 'ऑल्बनी इव्हनिंग जर्नल' या वर्तमानपत्राच्या कचेरीत.

वीडचा जन्म १७९७ चा, हडसनच्या खोऱ्यातला. घरची परिस्थिती हलाखीची, वडील कर्जापायी तुरुंगात गेलेले. शाळा नावापुरती. आत्मचरित्रात त्याने एक आठवण लिहून ठेवली आहे. फ्रेंच राज्यक्रांतीवरचं एक पुस्तक कोणाकडे तरी होतं, ते आणायला हा पोरगा बर्फातून चालत गेला. पायात जोडे नव्हते, म्हणून जुन्या सतरंजीच्या चिंध्या पायांना गुंडाळल्या. मग मेपलचा रस आटवायच्या चुलीच्या उजेडात ते पुस्तक वाचलं. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

पोरवयातच तो छापखान्यात शिरला. न्यूयॉर्क शहरात एका छापखान्यात त्याच्याबरोबर जेम्स हार्पर होता, पुढे हार्पर प्रकाशन उभं करणारा आणि १८४४ मध्ये शहराचा महापौर झालेला. फिरत फिरत वीड रॉचेस्टरला आला, 'रॉचेस्टर टेलिग्राफ'मध्ये लागला आणि १८२५ मध्ये ते पत्रच त्याने घेतलं.

पण त्याच्या राजकारणाची खरी सुरुवात १८२४ ची, आणि ती सुरुवात छपाईची आहे. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये देशाचा अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी लोक निवडत नसत, विधिमंडळ निवडत असे. ऑल्बनीत, म्हणजे राज्याच्या राजधानीत, मार्टिन व्हॅन ब्युरेनच्या गोटाची, म्हणजे 'ऑल्बनी रीजन्सी'ची पकड होती. त्यांना अध्यक्षपदासाठी क्रॉफर्ड हवा होता. जॉन क्विन्सी ॲडम्सचे आणि हेन्री क्लेचे लोक वेगवेगळे लढले असते तर दोघेही पडले असते. वीडने दोघांची आतून सांगड घातली, दोन्हीकडची नावं एकत्र केलेली मतपत्रिका एका रविवारी गुपचूप छापून घेतली आणि मतदानाच्या वेळी ती बाहेर काढली. रीजन्सीला सुगावा लागेपर्यंत न्यूयॉर्कची बहुतेक मतं ॲडम्सकडे गेली होती. वीड तेव्हा २६ वर्षांचा होता.

मग मॉर्गनचं प्रकरण. विल्यम मॉर्गन नावाचा माणूस फ्रीमेसन या गुप्त संघटनेची गुपितं छापणार होता. सप्टेंबर १८२६ मध्ये त्याला कॅनन्डेग्वाच्या तुरुंगातून काढून नेलं आणि तो परत कोणाला दिसला नाही. लोक भडकले, कारण न्यायाधीश, शेरीफ, पंच यांत मेसन भरलेले होते आणि तपास पुढे सरकत नव्हता. त्या संतापातून मेसनविरोधी पक्ष उभा राहिला आणि वीड त्याच्या पत्राचा संपादक झाला. १८२७ मध्ये ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठी एक प्रेत सापडलं. ते मॉर्गनचं ठरवलं गेलं, नंतर ते कॅनडातल्या टिमोथी मन्रोचं निघालं. वीड म्हणाला होता, 'निवडणूक होईपर्यंत हा मॉर्गन म्हणून चालेल', असा आरोप विरोधकांनी केला. त्याने तो कायम नाकारला, पण ते वाक्य त्याला मरेपर्यंत चिकटून राहिलं.

याच पक्षाच्या पैशावर २२ मार्च १८३० ला ऑल्बनीत 'इव्हनिंग जर्नल' सुरू झालं. पुढचं प्रतिसादांत लिहीन, बोटं दुखायला लागली.

मुक्कामपोस्ट

छान सुरुवात. पण हा तोच ना, टॅमनी हॉलवाला? करोडो खाऊन तुरुंगात गेलेला, ज्याची व्यंगचित्रं निघायची?

कालवाकाठ

नाही, तो ट्वीड, हा वीड. नावं सारखी, राज्य एकच, म्हणून हा घोळ इथेही होतो. विल्यम ट्वीड टॅमनी हॉलचा, म्हणजे न्यूयॉर्क शहरातल्या डेमोक्रॅट संघटनेचा पुढारी, आणि एक पिढी नंतरचा. त्याच्यामागे 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि थॉमस नास्टची व्यंगचित्रं लागली ती १८७१ च्या सुमारास. ती चित्रं 'हार्पर्स वीकली'त यायची, म्हणजे ज्या हार्परबरोबर आपला वीड छापखान्यात राबला त्याच घराण्याचं साप्ताहिक. वीड आधी मेसनविरोधी, मग व्हिग (डेमोक्रॅटांच्या विरोधातला तेव्हाचा मोठा पक्ष), मग रिपब्लिकन.

निवांत

कालवाकाठताई, एक गोष्ट समजली नाही. अग्रलेख लिहून लोकांचं मत वळवता येतं, मान्य. पण गव्हर्नर ठरवणं, नोकऱ्या वाटणं हे वर्तमानपत्राच्या मालकाला कसं जमतं? त्याच्या हातात नक्की काय होतं?

कालवाकाठ

निवांत, हाच प्रश्न मलाही पडला होता. लोक 'वीडची लेखणी' म्हणतात, पण माझं मत वेगळं झालं आहे. तो लांबलचक अग्रलेख लिहिणारा नव्हताच. चार-सहा ओळींचा चिमटा, एवढीच त्याची धाटणी. त्याची ताकद लिखाणापेक्षा छापखान्यात होती.

एक तर मतपत्रिका. आज आपण सरकारने छापलेली मतपत्रिका गृहीत धरतो. तेव्हा सरकार मतपत्रिका छापतच नसे. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांच्या नावांची चिठ्ठी छापायचा, मतदार ती घेऊन पेटीत टाकायचा. चिठ्ठ्या छापायच्या कुठे? पक्षाच्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात. कोणाचं नाव चिठ्ठीवर, कोणाचं गाळलं, हे खिळे जुळवतानाच ठरायचं. बाबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते एकदम सावरून बसल्यासारखे वाटले.

दुसरं, टपाल. १७९२ च्या टपाल कायद्याने संपादकांना एकमेकांना अंक फुकट पाठवायची सोय होती. गावोगावच्या छोट्या पत्रांना स्वतःचे बातमीदार परवडत नसत. ते राजधानीतल्या आपल्या पक्षाच्या पत्रातून मजकूर उचलायचे. ऑल्बनीत वीडने संध्याकाळी एक परिच्छेद छापला की आठवडाभरात तो राज्यभरच्या व्हिग पत्रांत दिसायचा. पक्षाने या प्रश्नावर काय बोलायचं हे कार्यकर्त्याला त्या परिच्छेदातून कळायचं. निरोप पोचवायला दुसरी यंत्रणाच लागत नव्हती.

तिसरं, सरकारी छपाईचा मक्ता. कायदे, अहवाल, नोटिसा, विधिमंडळाचं कामकाज, हे सगळं छापायचं काम सत्तेतल्या पक्षाच्या पत्राला मिळायचं. आधी ते 'ऑल्बनी आर्गस'च्या एडविन क्रॉसवेलकडे होतं. क्रॉसवेल आणि वीड दोघेही कॅट्सकिलचे, लहानपणापासून एकमेकांना ओळखणारे. व्हिग सत्तेत आल्यावर १८४० मध्ये मक्ता वीडकडे आला. पक्षाचं पत्र चालवायचा खर्च अशा रीतीने सरकारी तिजोरीतून निघायचा.

आणि सिनेटर तर १९१३ पर्यंत लोक थेट निवडतच नव्हते, राज्याचं विधिमंडळ निवडायचं. त्यामुळे ऑल्बनीतले आमदार ज्याच्या मुठीत त्याच्या मुठीत वॉशिंग्टनची जागा. वीडचा जवळचा मित्र आणि आधी गव्हर्नर राहिलेला विल्यम सेवर्ड १८४९ मध्ये सिनेटवर गेला तो असाच.

नोकऱ्यांचं म्हणाल तर ईरी कालवा ३६३ मैलांचा. दरवाजे उघडणारे, जकात गोळा करणारे, दुरुस्तीवाले, देखरेखवाले. गव्हर्नर आपला म्हणजे या नेमणुका आपल्या. शिफारशीची पत्रं वीडच्या टेबलावर यायची. शेकड्यांनी माणसं त्याला नावानिशी ठाऊक होती, कोणाची सोयरीक कुठे, कोण कोणावर रुसला आहे, सगळं.

वाटसरू

सेवर्डचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी गेल्या वर्षी ऑबर्नला सेवर्डचं घर बघून आलो, तिथे आता संग्रहालय आहे. तिथे कळलेली गोष्ट: सेवर्ड आणि वीड यांची पहिली भेट १८२४ मध्ये झाली, तीही रस्त्यात. रॉचेस्टरजवळ सेवर्डच्या घोडागाडीचं चाक निखळलं आणि मदतीला धावलेल्यांत वीड होता. त्या भेटीची मैत्री ४८ वर्षं टिकली, सेवर्ड १८७२ मध्ये वारला तोपर्यंत.

आणखी एक किस्सा सांगतात. सेवर्ड गव्हर्नर असताना घोडागाडीत गाडीवानाच्या शेजारी बसून चालला होता. 'मी या राज्याचा गव्हर्नर', असं म्हणाल्यावर गाडीवानाचा विश्वास बसेना. मग पुढच्या खानावळीच्या मालकाला विचारायचं ठरलं. सेवर्डने विचारलं, "मी गव्हर्नर आहे की नाही?" मालक म्हणाला, "नाही." "मग कोण आहे?" "थर्लो वीड!"

निवांत

मतपत्रिकेचा मुद्दा डोक्यात पक्का बसला. धन्यवाद ताई. वाटसरू, किस्सा झकास.

दर्यावर्दी

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण एक वडीलधारा म्हणून थोडं टोचून बोलतो, राग मानू नका. बर्फातून चालत जाणारा गरीब पोरगा, मैत्री, किस्से यात माणूस फार गोड होऊन जातो. वीडला त्याच्या हयातीत 'लॉबीचा जादूगार' म्हणायचे, ते कशामुळे? १८६० मध्ये न्यूयॉर्क शहरात घोड्यांच्या ट्रामगाड्यांचे रूळ टाकायचे परवाने विधिमंडळाने वाटले. सार्वजनिक रस्ते, लाखमोलाचे हक्क, आणि ते मर्जीतल्या लोकांच्या घशात. गव्हर्नर एडविन मॉर्गन हा वीडच्याच पक्षाचा, त्याने नकाराधिकार वापरला. विधिमंडळाने तो झुगारून कायदे पास केले. त्यामागे वीड होता. निवडणुकीचा खर्च यातून काढायचा, हे त्याचं गणित.

जो मोठ्या पदासाठी कधी लोकांसमोर मतं मागायला उभा राहत नाही, त्याला लोकांनी घरी बसवायचं कसं? मला हा मुद्दा सगळ्यात गंभीर वाटतो. सेवर्ड १८३४ ला पडला, १८३८ ला जिंकला, म्हणजे लोकांनी त्याचा हिशेब घेतला. वीडचा हिशेब कोणी घेतला?

कालवाकाठ

काका, राग कसला, हे लिहायलाच हवं होतं. ट्राम परवान्यांचं तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि मी त्याची बाजू घेणार नाही. वीड पक्षासाठी पैसा उभा करायचा आणि तो कुठून आला हे विचारायचा नाही, असं माझं वाचून मत झालं आहे. त्याच्या चाहत्यांनी लिहिलेलं वाचलं तरी हे लपत नाही.

पण या यंत्रातून काय बाहेर पडलं हेही त्याच्या खात्यावर मांडायला हवं. सेवर्डने गव्हर्नर असताना १८४० मध्ये विधिमंडळापुढे म्हटलं, की स्थलांतरितांच्या मुलांना त्यांच्याच भाषेचे आणि धर्माचे शिक्षक मिळावेत. आयरिश कॅथलिकांबद्दल तेव्हा किती द्वेष होता हे पाहिलं म्हणजे त्याचं धाडस कळतं. मी परक्या देशात पोरं वाढवली आहेत, मला ते वाक्य फार जवळचं वाटतं. गुलामगिरीविरुद्ध सिनेटमध्ये उभा राहिलेला सेवर्डही वीडच्याच खांद्यावरून तिथे पोचला होता.

आणि हिशेब घेतला गेला, काका. ट्राम परवान्यांच्याच वर्षी, १८६० मध्ये, शिकागोच्या रिपब्लिकन अधिवेशनात. तो फक्त वीडच्या ऐवजी सेवर्डच्या नावावर वसूल झाला.

अनघड

शिकागोच्या आधी संपादक होरेस ग्रीलीबद्दल लिहू द्या मला, त्याच्याशिवाय हे अर्धवट राहील! मी ग्रीलीवर बरंच वाचलं आहे आणि मला त्याच्याबद्दल फार वाईट वाटतं.

१८३७ मध्ये वीड न्यूयॉर्कला ग्रीलीच्या कचेरीत जिने चढून गेला आणि त्याला 'जेफरसोनियन' हे प्रचाराचं साप्ताहिक चालवायला सांगितलं. पगार वर्षाला १००० डॉलर, अंकाची वर्गणी वर्षाला ५० सेंट, खप १५ हजारांच्या आसपास. १८३८ मध्ये सेवर्ड जिंकला. १८४० मध्ये 'लॉग केबिन' हे पत्र काढून ग्रीलीने व्हिगांचा अध्यक्षपदाचा उमेदवार हॅरिसनसाठी रान उठवलं. १० एप्रिल १८४१ ला त्याचं स्वतःचं 'ट्रिब्यून' निघालं. सेवर्ड, वीड, ग्रीली असं त्रिकूट झालं. एक पुढारी, एक सूत्रधार, एक लेखणी.

आता बघा. सेवर्डला गव्हर्नरपद मिळालं, सिनेट मिळाली. ग्रीलीला पदाची आस होती, पण ती त्याने तोंडाने कधी नीट मागितली नाही आणि वीडने कधी विचारलं नाही. १८५४ मध्ये ग्रीलीने गव्हर्नरपदाचा विषय काढला. वीडने मायरन क्लार्कला पुढे केलं. बरं, उपगव्हर्नर? ते दिलं हेन्री रेमंडला! रेमंड म्हणजे 'न्यूयॉर्क टाइम्स'चा संपादक, जो ग्रीलीच्या हाताखाली उमेदवारी करून पुढे त्याचाच प्रतिस्पर्धी झाला होता. याहून वर्मी घाव काय घालायचा?

११ नोव्हेंबर १८५४ ला ग्रीलीने सेवर्डला लांबलचक पत्र लिहिलं. 'सेवर्ड, वीड आणि ग्रीली' ही राजकीय पेढी धाकटा भागीदार बाहेर पडत असल्यामुळे बरखास्त झाली, असं त्यात म्हटलं आहे. सेवर्डने पत्र वाचलं आणि ठेवून दिलं. मला वाटतं, दोघांपैकी एकाने जरी त्या आठवड्यात ग्रीलीच्या घरी जाऊन तासभर त्याच्यासमोर बसायची तसदी घेतली असती तर पुढचं बरंच टळलं असतं. इतकी माणसं नावानिशी लक्षात ठेवणाऱ्या वीडला आपल्या शेजारचा माणूस कसा दिसला नाही?

मुक्कामपोस्ट

+१. अनघड, हे वाचून पोटात तुटलं. आता शिकागो सांगा कोणीतरी.

कालवाकाठ

अनघड, ग्रीलीबद्दल तुम्ही लिहिलंत तसं मला जमलं नसतं.

शिकागो. मे १८६०. रिपब्लिकनांचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायच्या अधिवेशनासाठी 'विगवॅम' नावाचा प्रचंड लाकडी मांडव बांधलेला. वीड न्यूयॉर्कचे प्रतिनिधी घेऊन उतरला, सोबत बँड, पैसा, आत्मविश्वास. सेवर्डच उमेदवार होणार असं बहुतेकांनी धरलं होतं. ग्रीलीही हजर होता. न्यूयॉर्कने त्याला प्रतिनिधी केलं नव्हतं, म्हणून तो ओरेगॉनचा प्रतिनिधी म्हणून येऊन बसला आणि प्रत्येक शिष्टमंडळात जाऊन सांगत सुटला, सेवर्ड निवडून येणार नाही.

तो एकटाच कारण होता असं नाही. पेनसिल्व्हेनिया आणि इंडियानाच्या लोकांना सेवर्डची भाषा जहाल वाटायची. कॅथलिक शाळांबद्दलची ती जुनी भूमिका तिथल्या स्थलांतरितविरोधी मतदारांना खुपत होती. म्हणजे ज्या वाक्याचं मी वर कौतुक केलं तेही त्याला महाग पडलं. आणि ऑल्बनीचा तो वास. ट्रामच्या परवान्यांना दोन महिनेही झाले नव्हते. सेवर्ड अध्यक्ष झाला तर वीडची मंडळी वॉशिंग्टनला जाऊन बसतील, ही भीती स्वच्छ कारभार हवा असणाऱ्या रिपब्लिकनांत खरीखुरी होती.

१८ मे ला मतदान. पहिल्या फेरीत सेवर्ड १७३½, लिंकन १०२. दुसरीत सेवर्ड १८४½, लिंकन १८१. तिसरीत लिंकन २३१½ वर पोचला, विजयाला दीड मत कमी. ओहायोची चार मतं उठून लिंकनकडे गेली आणि संपलं. वीड रडला.

ज्या माणसाने सेवर्डला पायरी पायरीने वर चढवलं त्याच्याच पद्धतीमुळे शेवटची पायरी निसटली. दर्यावर्दीकाकांना माझं हे उत्तर.

वाटसरू

आणि इकडे ऑबर्नला सेवर्डच्या घरी गावकरी जमलेले, विजयाची तार आली की डागायला तोफ तयार ठेवलेली. ती डागायची वेळच आली नाही. त्या अंगणात उभं राहून हे ऐकताना कसंतरीच झालं.

निवांत

मग वीड संपला का तिथेच? आणि लिंकनशी त्याचं जमलं?

कालवाकाठ

संपला नाही. काही दिवसांतच तो स्प्रिंगफील्डला जाऊन लिंकनला भेटला आणि निवडणुकीत मनापासून राबला. २० डिसेंबर १८६० ला मंत्रिमंडळाच्या चर्चेसाठी पुन्हा गेला, नेमकं त्याच दिवशी साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटलं. वीडने वेल्स, ब्लेअर, चेस या नावांना विरोध केला, लिंकनने शांतपणे ऐकून घेतलं आणि तिघांनाही घेतलं. आजवर वीड दुसऱ्यांची मंत्रिमंडळं ठरवत आला होता. इथे त्याची गाठ त्याच्याहून खोल राजकारण्याशी पडली.

१८६१ च्या फेब्रुवारीत सिनेटच्या जागेसाठी ग्रीली उभा राहिला. वीडचा उमेदवार विल्यम इव्हर्ट्स मागे पडतोय आणि ग्रीली जिंकतोय असं दिसताच वीडने आपली मतं आयरा हॅरिसकडे फिरवली आणि ग्रीलीला पाडलं. शिकागोची परतफेड.

त्या वर्षाच्या शेवटी त्याला युरोपला अनौपचारिक कामगिरीवर पाठवलं होतं. ट्रेंट या इंग्लिश जहाजावरून फुटलेल्या दक्षिणेचे दूत पकडल्याच्या प्रकरणात इंग्लंडशी युद्ध पेटतंय की काय अशी वेळ आली, तेव्हा तो लंडनमध्ये होता आणि तिथल्या वर्तमानपत्रांत आपल्या देशाची बाजू मांडत होता. १८६३ मध्ये त्याने 'जर्नल' सोडलं. पक्षात त्याच्याहून जहाल लोकांचा जोर झाला होता.

अनघड

लिंकनचं ते पत्र राहिलं ना!

कालवाकाठ

हो, ते तर सांगायलाच हवं. लिंकनचं दुसरं शपथविधीचं भाषण मार्च १८६५ चं, गुलामगिरीच्या पापाचं प्रायश्चित्त दोन्ही बाजू भोगत आहेत असं सांगणारं. त्याबद्दल १५ मार्चला लिंकनने वीडला आभाराचं छोटं पत्र लिहिलं. त्यात त्याने म्हटलं, की हे भाषण लगेच लोकांना आवडेल असं वाटत नाही, कारण ईश्वराचा हेतू आणि आपला हेतू वेगळा होता हे दाखवून दिलेलं माणसांना रुचत नाही. पण हे सत्य सांगायला हवं होतं. महिन्याभरात लिंकनची हत्या झाली. लिंकनला आपलं मन वीडसारख्या मुरलेल्या माणसाजवळ असं मोकळं करावंसं वाटलं, यावर मी बरेचदा विचार करते.

दर्यावर्दी

पत्र ठाऊक नव्हतं. माझं मत बदललं नाही, पण माणूस मला जास्त दिसायला लागला. एवढं मनापासून लिहिलंत, आभार.

निवांत

ताई, बाबांना धागा वाचून दाखवलात का?

कालवाकाठ

काल रात्री. सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "त्या चिठ्ठ्यांचा कागद कसला असायचा?" मी सांगितलं, पुष्कळदा रंगीत, प्रत्येक पक्षाचा वेगळा, लांबूनही ओळखू यावा असा. क्षणभर थांबले. "मग मत कोणाला दिलं ते सगळ्यांना दिसायचं की गं," म्हणाले. "कालव्यावरच्या नोकरदाराने दुसऱ्या रंगाची चिठ्ठी कशी उचलायची?"

मी त्यांना सांगितलं, की सरकारने छापलेल्या गुप्त मतपत्रिकेचा पहिला राज्यव्यापी कायदा मॅसॅच्युसेट्सने केला तो १८८८ मध्ये. वीड १८८२ मध्येच वारला होता.